एका पायाचं पाखरू

सटवाजी माळ्यावरून पडला तेव्हा माळा अजून पुरता उभाही राहिला नव्हता. माणिकरावांच्या नाल्याकाठच्या शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती. राखणीला बसायला चार मेढी रोवून वर फळ्या टाकायचं काम चाललं होतं. एका हातानं मेढ धरून दुसऱ्या हातानं मिशीला पीळ द्यायला गेलेला सटवाजी पाय निसटून खाली आला. उजवा पाय नडगीत मोडला. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधल्या, येळवशीची अमावास्या होईपर्यंत पाय भुईला टेकवायचा नाही अशी ताकीद दिली आणि आपली ताडकळसची वाट धरली.

वीस वर्षं त्या शेताची राखण सटवाजीची होती. त्याची गोफण वाजली की नाल्यापलीकडच्या लिंबावरची पाखरंसुद्धा उठायची, असं तो स्वतःच सांगायचा आणि लोकही मान्य करायचे. सुगीला राखणीचा जो वाटा घरी यायचा त्यावर नवराबायकोचं वर्ष निघायचं. आता पाखरं काही ह्याचा पाय बरा व्हायची वाट बघत बसणार नव्हती. आणि पाखरांआधी सटवाजीचा चुलतभाऊ भुजंगच उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो राखण मागायला माणिकरावांच्या ओट्यावर जाऊन बसल्याचं तानुबाईला पाणवठ्यावर कळलं. तिनं भरलेली घागर तशीच डोक्यावर घेतली आणि घरी न जाता तडक माणिकरावांचं दार गाठलं.

"मालक, राखन आमच्या घरची हाय. मी बसते माळ्यावर."

माणिकराव पान लावत होते. माणूस मोठ्या आवाजाचा. हलक्या आवाजात बोलायचं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलंच नसावं. "बाईमानूस गोफण मारनार?"

"मारून बघितल्याबिगर कसं कळंल?"

भुजंग फिस्सकन हसला. माणिकरावांनी पान तोंडात टाकलं. "बस. पर रीत ध्यानात ठिव. येळवशीला पांडवाची पूजा झाल्याबिगर माझ्या शेतात कापनीचा इळा लागत न्हाई. पाखरानं खाल्लं तर ते त्याच्या नशिबाचं. मानसाचा इळा लागला, एका कनसाला जरी लागला, तर राखन दुसऱ्याला. माझ्या बापानं हेच केलं, मी बी हेच करनार."

"कबूल," तानुबाई म्हणाली. घागरीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं होतं, त्याचं तिला भानही नव्हतं.

गोफण काही तिला लगेच वळली नाही. पहिले दोन दिवस गोफणीतला मातीचा गुंडा पुढं जायच्या ऐवजी मागं जायचा. एकदा तर तो माणिकरावांच्या बैलाला लागला आणि बैलानं मान वळवून तिच्याकडं असं बघितलं की तिलाच ओशाळल्यागत झालं. पण आठवड्यात हात बसला. कणसं बाहेर पडली, दाण्यात चीक भरला, आणि तिच्या ध्यानात आलं की एका बाईच्या दोन हातांनी एवढं शेत आवरायचं नाही.

त्याच दिवसांत कापसाच्या वेचणीला सुरुवात झाली होती. गावातल्या बाया भल्या पहाटे वेचायला जायच्या आणि कडेवरून उतरलेली, पण कामाला न आलेली पोरं कुणाच्या गळ्यात घालावी ह्या काळजीत असायच्या. तानुबाईला मूलबाळ नव्हतं. तिनंच निरोप धाडला, आणि तिसऱ्या दिवशी माळ्याखाली सहा पोरं जमा झाली. सगळ्यांत थोरला आश्रुबा, सात वर्षांचा. सगळ्यांत लहान मुंजा, त्याला आपलं वय विचारलं की तो चार बोटं दाखवायचा आणि तोंडानं पाच म्हणायचा. आणि मधली मनकर्णी, सहा वर्षांची, बोलणं कमी आणि बघणं जास्त.

"काय बी दिसलं की आरडायचं आन् ढेकूळ मारायचं," तानुबाईनं सांगितलं.

पोरांनी हुकूम तंतोतंत पाळला. चिमणी दिसली, आरडले. साळुंकी दिसली, आरडले. बांधावर एक बगळा आपला गुमान उभा होता, त्याच्यावर सहा जणांनी मिळून हल्ला केला. कोतवाल पाखराच्या मागं तर मुंजा सगळं शेत धावला. दुपारी पोरांचे आवाज बसले, ढेकळं संपली, आश्रुबा दंड चोळत माळ्याखाली आडवा झाला. मग लिंबावरचा राघूंचा थवा शांतपणे उतरला आणि मधल्या पट्ट्यात बसून जेवला.

त्या रात्री तानुबाईला राग पोरांचा आला नाही, स्वतःचा आला. आपण पोरांना हाणायला शिकवलं, बघायला नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरातून बोचकं बांधून घेऊन आली. सोडलं तर आत अडकित्ता, सांडशी, दाभण आणि पिठाची चाळण. तिनं घमेल्यात पाणी भरून त्यात चिंचोके टाकले, वर थोडं भूस पसरलं. शेजारी ओल्या मातीचा गोळा करून त्यात दोऱ्याच्या गाठी खोल खुपसल्या. गोणपाटावर करडीच्या टणक बिया मांडल्या. पोरं भोवती उकिडवी बसली. कुणाला वाटलं पूजा आहे, कुणाला वाटलं जेवण.

"सगळ्यायनी हात मागं बांधा. पाखराला हात असतेत का?"

"न्हाई," सहा आवाज आले.

"मग खातंय कशानं?"

"चोचीनं."

"ह्या घ्या तुमच्या चोची. एक हात मागंच. बघू कुनाचं पोट अगुदर भरतंय."

मुंजाच्या वाट्याला सांडशी आली. त्यानं करडीची बी सांडशीत धरून दाबली. बी सटकन उडाली आणि त्याच्याच कपाळावर बसली. आश्रुबाला अडकित्ता मिळाला होता. त्याच्या बिया कटाकट फुटायला लागल्या तसा तो माजला, "मी समद्याचं खानार" म्हणून घमेल्यातल्या चिंचोक्यांवर गेला, आणि कोपरापर्यंत भिजूनही त्याला एक चिंचोका धरता आला नाही. मुंजानं सांडशीनं पहिल्याच दमात दोन काढले. मनकर्णीकडं दाभण होतं. ती कुणाकडं न बघता मातीच्या गोळ्यात हळूच दाभण घालत होती आणि एकेक गाठ वर ओढत होती. चाळण मिळालेल्या पोरीनं ती पाण्यावरून फिरवली आणि सगळं भूस एकटीनंच मटकावलं. माळ्याखाली असा गलका उठला की वाटेनं जाणारा गाडीवान गाडी थांबवून बघत राहिला.

"बगळ्यानं करडी फोडायची म्हनली तर काय हुईल?" तानुबाईनं विचारलं.

"कपाळ फुटंल," मुंजा स्वतःचं कपाळ चोळत म्हणाला.

"आता ध्यान देऊन आयका. ज्याची चोच आखूड, जाड, अडकित्त्यावानी, ते दाना खायला आलंय. त्याला उठवा. ज्याची वाकडी, त्यो राघू. खातो थोडं आन् पाडतो लय, त्याला तर बसूच देऊ नका. ज्याची दाभनावानी लांब, त्यो तुऱ्याचा हुदहुद. त्यो आपलाच गडी हाय, भुईतल्या आळ्या काढायलाय. बगळा बी आपला, त्यो किडं टिपायलाय. ह्यांच्यावर कुनी गुंडा टाकला तर मी त्याच्यावर टाकीन."

"आन् भोरडी?" मनकर्णीनं विचारलं. "तिची ना अडकित्ता, ना दाभन."

 भोरड्यांचे थवे तानुबाईनं जन्मभर बघितले होते, चोच कधी बघितली नव्हती. "मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "सकाळी बघू."

सकाळी ती आणि मनकर्णी बांधावर पालथ्या पडून होत्या. भोरड्या मिटलेली चोच कणसात खुपसायच्या आणि आत गेल्यावर उघडायच्या, मग मधला दाणा आयता मोकळा व्हायचा. ते दिसलं तेव्हा मनकर्णीनं तानुबाईचा दंड इतका करकचून आवळला की बोटं उमटली. दोघी एकदमच उठून धावल्या.

पुढं तो नादच लागला. पाखरं उठून गेली की तानुबाई पोरांना कणसं दाखवायची. भूस कणसातच अडकलेलं आहे, म्हणजे चिमणी. धांड्याचे दोरे लोंबतायत, खाली अर्धं कणीस पडलंय, म्हणजे राघू. भुईत बारीक भोकांची रांग आहे, म्हणजे हुदहुद येऊन गेला. "बघाल ते सांगा," ती बजावायची, "मनाचं सांगू नका. आन् मागाची खून सुटली तर पुन्ना हुडकायची, तिथंच बसायचं न्हाई." पोरं आता नेमकी ओरडायची, नेमकं ढेकूळ टाकायची, आणि दिवस मावळला तरी त्यांचे आवाज शाबूत असायचे.

सांजेला ती घरी जाऊन चुलीपुढं बसली की हे सगळं सटवाजीला सांगायची. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा.

"चोच बघून पाखरू सोडायचं?" तो म्हणायचा. "वीस वर्सं म्या सगळ्यालाच हानलं."

"म्हून तर तुमी सांजच्याला माझ्याकडून हात चोळून घ्यायचे."

तो वाकळ खांद्यावर ओढून घ्यायचा. पण भाकरी खाऊन झाल्यावर, एकदा, भिंतीकडं बघतच त्यानं विचारलं, "चिमनी दाना फोडती, तवा त्यो उभा धरती का आडवा?"

"तुमी वीस वर्सं बघितलं न्हाई?"

"मी गुंडा बघत व्हतो," सटवाजी म्हणाला.

तानुबाईला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. आपल्यालाही नीट ठाऊक नाही, हे तिनं कबूल केलं.

येळवस तीन दिवसांवर आली. आदल्या सांजेला आभाळ येऊन सडा टाकल्यागत चार थेंब पडले होते आणि काळी भुई वरवर मऊ झाली होती. त्या सकाळी भोरड्या आल्या. एवढ्या की लिंबाची पानं दिसेनात. थवा उठला, वळला, आणि गरगरत शेतावर उतरायला लागला. तानुबाई माळ्यावर उभी राहिली. तिच्या गोफणीचा गुंडा थव्याच्या पुढच्या तोंडावर गेला, मागच्या अंगाला आश्रुबा आणि पोरं पत्र्याचा डबा बडवत उभी राहिली. थवा वळला. पुन्हा आला. पुन्हा वळला.  तिसऱ्या खेपेला थवा नाल्यावरून उठला आणि पार दिसेनासा झाला, आणि खाली पोरं नाचायला लागली. तानुबाई माळ्यावर मटकन बसली. तिला मोठमोठ्यानं हसावंसं वाटत होतं. चाळिशीला आलेल्या बाईनं असं हसावं की नाही ह्याचा विचार न करता ती हसली.

दुपारी सगळ्यांनी शेताच्या वरच्या टोकाला बाभळीखाली भाकरी सोडली. पोरं इतकी दमली होती की दोघं घास तोंडात असतानाच झोपली.

ऊन कलल्यावर माणिकराव आले. मागं भुजंग होता, आणि त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं की आज त्याच्यापाशी काहीतरी आहे.

"तानुबाई, खाली ये," माणिकराव म्हणाले. "नाल्याच्या अंगाला ज्वारीची पाच ताटं बोडकी हायत. भुजंगानं दावली. कनसं गेली कुटं?"

"राघू असंल, मालक."

"राघू का चोर?" भुजंग म्हणाला. "इकडं पोरांसंगं भातुकली चालली, तिकडं कनसं गेली."

तिनं आधी स्वतः जाऊन बघायला हवं होतं. पण सकाळची जीत अजून अंगात होती आणि भुजंगाचं ते हसणं तिला सोसेना. "मला नका इचारू," ती म्हणाली. "माझी पोरं सांगतील. चोच वळखतेत ती."

"पोरं गवाही देनार?" माणिकरावांना मोठी गंमत वाटली. "चला, बघूच."

पोरं पळतच निघाली. पाच ताटांपाशी जाऊन मनकर्णी उकिडवी बसली. तिनं एका धांड्याच्या टोकावरून बोट फिरवलं. खाली बघितलं. दुसऱ्या धांड्यापाशी गेली. माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे होते. तानुबाईच्या मनात नुसता आनंद होता, पोरीला कुणी शाबासकी देण्याआधीचा.

"राघू न्हाई," मनकर्णी म्हणाली. "दोरं लोंबत न्हाईत. भूस न्हाई. खाली बी काय पडलं न्हाई." मग तिनं तानुबाईकडं बघितलं आणि जसं शिकवलं होतं तसंच सांगितलं. "चोच न्हाई, मावशी. इळा हाय. आज दुपारचाच. रस वला हाय."

 भुजंगानं मिशीवरून हात फिरवला. तानुबाईला वाटलं, पायाखालची भुई मऊ आहे ती पावसानं नाही. इळा. येळवशीला तीन दिवस राहिले होते आणि तिच्या राखणीत इळा लागला होता.

तेवढ्यात पलीकडून मुंजा किंचाळला, "मावशी, हितं लय मोठी चोच!"

सगळे वळले. ओल्या भुईत एक गोल भोक होतं, निजामाच्या हाली रुपयाएवढं, बोटभर खोल. त्याच्यापुढं हातभर अंतरावर दुसरं. मग तिसरं. आणि प्रत्येक भोकाशेजारी पावलाचा एकच ठसा, दर वेळी डावाच.

"हुदहुदच हाय," मुंजा धापा टाकत म्हणाला, "पर मानसाएवढा. आन् एकाच पायाचा."

माणिकराव खाली वाकले आणि गडगडाटी हसले. "एका पायाचं पाखरू! भुजंगा, हे तू दावलं न्हाईस." आता त्यांनाच पोरांपेक्षा जास्त चेव चढला. "चला रे, माग काढा. बघू घरटं कुटं हाय."

पोरं भोकांच्या रांगेमागं सुटली. माणिकराव धोतराचा सोगा हातात धरून त्यांच्या मागं. तानुबाईनं मात्र पहिल्या भोकाकडं बघितलं तेव्हाच ओळखलं होतं. ती काठी तिनं स्वतः वैदूसमोर तासून दिली होती. दीड महिना ज्यानं खाट सोडली नाही असं ती समजत होती, तो एका पायावर टणाटणा उड्या मारत नाला ओलांडून इथं आला होता. काठी उजव्या हातात होती, म्हणून कणीस मोडायला दोन हात मोकळे नव्हते, म्हणून इळा. एवढं सगळं तिला एका दमात कळलं. फक्त कशापायी, ते कळलं नाही.

माग नाल्यात उतरला आणि गोट्यांवर संपला. पाण्याची बारीक धार, दोन्हीकडं नुसते दगड. पोरं इकडं तिकडं फिरली. आश्रुबा म्हणाला, उडालं असंल. माणिकरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "जाऊ दे. आता परतू. इळा कुनाचा हे काय कळनार न्हाई."

 तानुबाईनं आता नुसतं गप्प राहायचं होतं. इळा लागला हे खरं, राखण कदाचित जाईल, पण निदान चोर आपल्या घरचा हे तरी निघणार नाही. भुजंग तिच्याकडंच बघत होता. आणि मुंजा, दगडावर बसून रडायच्या बेतात आलेला, तिला विचारत होता, "मावशी, खून सुटली तर काय करायचं म्हनली व्हतीस?"

 तिनं पोराकडं बघितलं, मग पलीकडच्या काठाकडं.

"पल्याड बघा," ती म्हणाली. "गाळात."

मनकर्णीनं नाला ओलांडला. "हाय," तिकडून आवाज आला, आणि सगळी पोरं पाण्यातून फटाफट उड्या मारत पलीकडं गेली. पांदणीनं, बोरीच्या कुपाटीच्या कडेनं, गावकुसाच्या आतून. भोकं थेट तानुबाईच्या अंगणात गेली आणि ओसरीच्या पायरीपाशी थांबली.

पोरं पायरीवरच थबकली. मागून आलेले माणिकराव तोंड उघडणार तेवढ्यात मनकर्णीनं वळून त्यांच्याकडं बघितलं. "मालक, आवाज करू नका. उडतील."

माणिकरावांनी तोंड मिटलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

ओसरीत सटवाजी खाटेवर उताणा पडला होता. आढ्याला, बरोबर त्याच्या छातीच्या वर, पाच कणसांची जुडी लोंबत होती. जुडीवर दोन चिमण्या उलट्यापालट्या होत खात होत्या. सटवाजीनं श्वाससुद्धा रोखून धरला होता. पोरांची चाहूल लागली तशी त्यानं न बघताच बोट ओठांवर ठेवलं. एका चिमणीनं दाणा काढला, चोचीत फिरवला, दाबला. भुसाचा एक कण खाली सटवाजीच्या छातीवर पडला.

"आडवा," सटवाजी हळू म्हणाला. "आडवा धरून फोडती."

तानुबाईला रडू आलं. राग होता, लाज होती, आणि त्या सगळ्याच्या वर हे भलतंच काहीतरी होतं, आणि ते जास्त होतं.

चिमण्या उडाल्या. सटवाजीनं मान वळवली आणि त्याला माणिकरावांचं धोतर दिसलं. तो धडपडत उठायला लागला, काठी खाली पडली, खाटेखालचा इळा सगळ्यांना दिसला. "कसूर माझा हाय, मालक," तो म्हणाला. "हिला ठाव न्हाई. ही रोज येऊन पाखरं सांगायची. म्हनलं एक डाव डोळ्यानं बघावं. शेतात गेलो तर भोरड्या गेलेल्या, समदं मोकळं. मग कमरंच्या इळ्यानं कनसंच आनली, पाखरू घरी येईल म्हून. खायला न्हाई, मालक. एक दाना तोंडात घातला न्हाई."

माणिकरावांनी जुडीतलं एक कणीस फिरवून बघितलं. मग खाकरून भुजंगाला म्हणाले, "कसला इळा घेऊन बसलास? पाखरानंच नेली कनसं. एका पायाच्या पाखरानं."

मुंजा खूश झाला. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"न्हाई, मालक," मनकर्णी म्हणाली. "इळ्यानंच कापली."

माणिकरावांनी वळून तिच्याकडं बघितलं. एवढीशी पोर, नाकातून पाणी येत होतं, आणि डोळा हलत नव्हता. "हिला हे कुनी शिकिवलं?"

"म्या," तानुबाई म्हणाली. "आन् ती खरं बोलायलीय. रीत तुमची हाय, तुमी ठरवा."

भुजंग एक पाऊल पुढं आला. "मग राखन..."

"ऐक तर," माणिकराव म्हणाले. "इळा लागला, म्हंजी राखन जानार. सटवाजी, तुझी राखन गेली. वीस वर्सं केलीस, आज संपली."

सटवाजीनं मान खाली घातली. तानुबाईनं दाराची चौकट धरली.

"उद्यापासून त्या शेताची राखन तानुबाईची. तिच्या नावानं. वाटा तिच्या हातात."

"घर तर एकच की, मालक," भुजंग म्हणाला.

"घर एक असंल. इळा तिचा व्हता का? नाल्यात माग संपला व्हता, मी परतायलो व्हतो. तिनं पल्याड दावला. तुझ्या घराकडं जात असता तर तू दावला असतास?"

भुजंगानं अंगणातल्या कोंबडीला हुसकलं आणि वाटेला लागला. 

त्या सांजेला सटवाजी जेवला नाही. राखण घरातच राहिली, पण त्याची गेली, आणि ते त्याला कुठं तरी खोल लागलं. तानुबाईनंही समजूत काढली नाही. तिनं फक्त जुडी होती तिथंच राहू दिली आणि गोफण त्याच्या उशाची काढून आपल्या उशाला ठेवली.

येळवशीला माणिकरावांनी त्याच्यासाठी गाडी धाडली. कडब्याच्या कोपीत पांडवांचे पाच दगड मांडले होते, भज्जीचा आणि आंबिलीचा वास सुटला होता. सगळ्यांसमोर काठीवर उभं राहून सटवाजीनं शेताला हात जोडले आणि चुकलो म्हणाला. मग त्याला माळ्याखाली पोरांच्या रांगेत शेवटी बसवलं. मुंजानं त्याच्या काठीचं टोक नीट तपासून घेतलं.

"मी गुंडं तरी वळून देतो," सटवाजी पुटपुटला. तेवढ्यात समोरच्या बांधावर काहीतरी फडफडून बसलं. वीस वर्षांची सवय. त्याचा हात आपोआप गुंड्याकडं गेला, आणि मनकर्णीनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"चोच बघा अगुदर."

माळ्यावर तानुबाई गोफण हातात धरून थांबली. सटवाजीनं डोळे बारीक केले. पाखरानं तुरा फुलवला, मिटला, आणि मऊ भुईत लांब चोच खुपसली.

"दाभन हाय," तो म्हणाला, आणि गुंडा खाली ठेवला.